घर मिळणे आणि घर होणे : लातूर-नांदेड परिसरातील स्थलांतराच्या अनुभवाची चिकित्सा ('उचल्या'च्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक :

मराठी साहित्यात स्थलांतराचा विषय नवा नाही. ग्रामीण कादंबरीतील गाव सोडणारा तरुण, दलित आत्मकथनातील मुंबईची वाट धरणारे कुटुंब, धरणग्रस्तांच्या कादंबरीतील उठवले गेलेले गाव अशा अनेक रूपांनी तो येत राहिला आहे. तथापि या लेखनाची समीक्षा करताना अभ्यासकांचा भर बहुधा 'तुटण्या'वर राहिला. माणूस कशापासून तुटला, त्याने काय गमावले, त्याची मुळे कशी उखडली या प्रश्नांची चर्चा विपुल झाली. तुटलेला माणूस नव्या ठिकाणी पुन्हा कसा जोडला जातो, त्याला तेथे आपली माणसे कशी भेटतात आणि चार भिंतींचे घर केव्हा होते, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे.

त्यासाठी नांदेड व लातूर या मराठवाड्यातील परिसराची निवड सहेतुक आहे. स्थलांतराचे तीन अगदी भिन्न अनुभव या परिसरात शेजारी-शेजारी नांदतात. पहिला अनुभव लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनातून व्यक्त झालेला, म्हणजे गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीतील माणसाच्या घराच्या शोधाचा. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांचा. तिसरा गोदावरीच्या काठी तीन शतके स्थिरावलेल्या नांदेडच्या शीख समाजाचा. यांपैकी पहिला अनुभव साहित्यकृतीच्या रूपाने उपलब्ध आहे, तर उरलेले दोन वसाहतींच्या रचनेतून, संस्थांतून आणि लोकव्यवहारातून वाचावे लागतात. साहित्यकृतीच्या आधारे समाजव्यवहार तपासणे आणि समाजव्यवहाराच्या प्रकाशात साहित्यकृतीचे पुनर्वाचन करणे, अशी दुहेरी पद्धती येथे स्वीकारली आहे.

घर, बिऱ्हाड आणि गाव : काही शब्दांचा विचार

राहण्याच्या जागेसाठी मराठीत असलेले शब्द सामाजिकदृष्ट्या तटस्थ नाहीत. 'बिऱ्हाड' या शब्दात तात्पुरतेपणा गृहीत आहे. बिऱ्हाड पाठीवर असते, ते हलवता येते. 'खोली' ही भाड्याची असते. 'वस्ती' हा शब्द रात्रीच्या मुक्कामासाठीही वापरतात आणि गावाबाहेरच्या दलित, भटक्या लोकांच्या राहण्याच्या ठिकाणासाठीही वापरतात. 'घर' या शब्दाला मात्र वेगळे वजन आहे. 'घराणे', 'घरंदाज', 'घरोबा' ही त्याचीच कुळे. एखादी गोष्ट मनात 'घर करते' असे म्हणताना भाषा घराचा संबंध भिंतींशी न जोडता मुरण्याशी जोडते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

'गाव' हा शब्द तर याहून व्यापक आहे. गाव म्हणजे महसुली नकाशावरील सीमा एवढाच त्याचा अर्थ नाही. 'तुमचे गाव कोणते?' या प्रश्नात कूळ, जात, सोयरीक आणि पत यांची चौकशी एकाच वेळी होते. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो 'उपरा' ठरतो. म्हणजेच गावकरी आणि उपरा ही जोडी केवळ निवासावरून ठरत नाही, ती मान्यतेवरून ठरते. एखादे कुटुंब तीन पिढ्या एकाच ठिकाणी राहूनही उपरे असू शकते. घर आणि समुदाय यांचा विचार करताना हे सूत्र पायाभूत मानावे लागते.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भूमिकेचे स्मरण अपरिहार्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी भारतीय खेड्याच्या गौरवीकरणाला स्पष्ट नकार दिला होता. गाव सोडणे हे ज्यांच्यासाठी मुक्तीचे पहिले पाऊल होते, त्यांच्या स्थलांतराला 'मुळे उखडणे' असे म्हणणे कितपत योग्य, असा प्रश्न त्या भूमिकेतून उभा राहतो. स्थलांतराची चर्चा करणाऱ्या समीक्षेने या प्रश्नाला सामोरे जाणे आवश्यक आहे.

'उचल्या' : पत्ता असलेला बेघर माणूस

लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म लातूर तालुक्यातील धनेगावचा. हा भाग १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी लातूर जिल्हा वेगळा झाला. 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि पुढे पां. अ. कोल्हारकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे ही कृती मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. मात्र तिच्यावरील चर्चा प्रामुख्याने चोरीच्या व्यवसायाचे चित्रण, पोलिसी अत्याचार, भूक आणि बोलीभाषा या मुद्द्यांभोवती फिरते. घराच्या प्रश्नाच्या अंगाने तिच्याकडे पाहिल्यास काही वेगळ्या गोष्टी समोर येतात.

आत्मकथनाची सुरुवातच नकारांच्या मालिकेने होते. गाव नाही, जन्मतारीख नाही, घर-शेत नाही, जातही धड नाही, अशा स्थितीत आपला जन्म झाल्याचे निवेदक सांगतो. रूढ आत्मचरित्र कूळ, गाव आणि जन्मतिथी सांगून आरंभ करते. 'उचल्या' तोच साचा घेते, पण प्रत्येक रकाना रिकामा ठेवून पुढे जाते. हा केवळ दारिद्र्याचा उच्चार नाही. ज्या नोंदींवर समाज माणसाचे 'असणे' मान्य करतो त्या नोंदीच नसल्याचा तो उच्चार आहे.

या ठिकाणी एक अंतर्विरोध दिसून येतो. ज्याची जन्मतारीख कुठे नोंदलेली नाही, त्या कुटुंबाची नोंद एका ठिकाणी मात्र काटेकोरपणे ठेवलेली आहे. ती जागा म्हणजे पोलिसांचे दप्तर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांच्या हालचालींवर निर्बंध घातले गेले आणि हजेरीची पद्धत रूढ झाली. निजामी राज्यातही अशा जमातींवर देखरेख ठेवली जात असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या आणि 'विमुक्त' ही संज्ञा रूढ झाली. परंतु कायदा गेला तरी संशय गेला नाही. 'उचल्या'तील आजोबांची हजेरी, घराच्या झडत्या, कोठेही चोरी झाली तरी प्रथम याच घरावर पडणारी धाड यांतून हे वारंवार प्रत्ययास येते.

म्हणजे या कुटुंबाला घर नाही, पण पत्ता आहे. गाव त्यांना आपले मानत नाही, तरी सत्ता त्यांना त्या गावाबाहेर मोकळेपणी जाऊ देत नाही. भटकणाऱ्या माणसाला घर नसते, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी होते. हा माणूस एका जागी बांधला गेला आहे आणि तरीही बेघर आहे. घराचे लक्षण 'एका ठिकाणी राहणे' हे नसून 'भीतीविना दार लावता येणे' हे आहे, असा निष्कर्ष या चित्रणातून काढता येतो. ज्या झोपडीचे दार पोलीस केव्हाही ढकलू शकतात तिला निवारा म्हणता येईल, घर म्हणता येणार नाही.

शाळेचा प्रसंगही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. वडील मुलाला शाळेत घालतात. जमातीत शिकण्याची परंपरा नाही. पुढे वस्तीत साथीचा आजार पसरतो, तेव्हा त्याचे खापर मुलाच्या शाळेत जाण्यावर फोडले जाते. अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून या प्रसंगाची चर्चा होऊ शकते. परंतु त्यामागे समुदायाची एक खोल भीतीही आहे. बाहेरच्या जगाने ज्यांना केवळ छळले, त्यांच्यासाठी जमात हाच एकमेव आधार असतो. त्या आधारातून एक मूल बाहेरच्या संस्थेत जाते तेव्हा आधार ढिला झाल्याची जाणीव सर्वांना होते. समुदाय हा आसरा असतो आणि कुंपणही असतो. 'उचल्या' या दोन्ही बाजू दाखवते, त्यांपैकी एकीचेही उदात्तीकरण करत नाही. हे या कृतीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य होय.

लातूर : उत्तरार्धाचे पुनर्वाचन

धनेगावहून लातूरला येणे ही या आत्मकथनातील निर्णायक घटना आहे. अंतराच्या दृष्टीने हे स्थलांतर फार लहान आहे. एका तालुक्यातील खेड्यातून त्याच तालुक्याच्या ठिकाणी येणे, एवढेच ते. परंतु सामाजिक अंतराच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. सूतगिरणीत काम मिळाल्यावर निवेदकाला प्रथमच जातीखेरीज दुसरी ओळख मिळते. तो 'कामगार' होतो. पाळीला जाणारा, पगार घेणारा, इतर कामगारांसोबत मागण्या मांडणारा माणूस म्हणून तो शहरात वावरू लागतो. कामगार संघटनेतील सहभागामुळे पुढे ही नोकरी जाते. त्यानंतर छोटे-मोठे व्यवसाय, त्यांतील अपयश आणि क्रमाने विमुक्त-भटक्यांच्या चळवळीतील सहभाग असा प्रवास उत्तरार्धात येतो.

या उत्तरार्धावर एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे. पूर्वार्धातील अनुभवांची दाहकता व घट्ट वीण येथे सैल होते, आत्मकथनाचे रूपांतर कार्यवृत्तांतात होते, सभा, मोर्चे, निवेदने यांचे तपशील वाढतात, असे म्हणता येईल. वाङ्मयीन दृष्टीने या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. निवेदनाचा वेग बदलतो आणि काही प्रसंग नोंदीच्या पातळीवर राहतात, हे मान्य करावे लागते.

तथापि घराच्या शोधाचे सूत्र धरून वाचल्यास उत्तरार्धाचे प्रयोजन वेगळे दिसू लागते. पूर्वार्धात निवेदकाला समुदाय 'मिळालेला' आहे. तो जन्माने आलेला, संशयाने घेरलेला आणि व्यवसायाने बांधलेला आहे. उत्तरार्धात तो समुदाय 'घडवतो'. गिरणीतील सहकारी, संघटनेतील कार्यकर्ते, वेगवेगळ्या विमुक्त जमातींतील माणसे यांचा एक नवा गोतावळा त्याच्याभोवती उभा राहतो. रक्ताचे नाते नसलेल्या माणसांशी समान दुःखाच्या आणि समान मागणीच्या आधारे जोडला गेलेला हा गोतावळा आहे. सभा आणि मोर्चे यांचे तपशील ज्याला कंटाळवाणे वाटतात, त्याने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याला गावाच्या पारावर बसायला जागा नव्हती, त्याच्यासाठी संघटनेची बैठक हाच पार असतो. तेथे त्याला नावाने हाक मारली जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि त्याच्या अनुपस्थितीची दखल घेतली जाते. पूर्वार्धात हजेरी पोलीस घेतात, तर उत्तरार्धात हजेरी स्वतःहून लावली जाते. या अर्थाने उत्तरार्ध ही कलात्मक उतरण नसून घराच्या शोधाची परिणती ठरते.

१९९८ मध्ये महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्यासमवेत विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय पातळीवरील कृतिगटात गायकवाड यांचा सहभाग होता. आत्मकथनाच्या अखेरीस सूचित झालेला गोतावळा पुढे राज्याच्या सीमा ओलांडून गेला, याचेच हे द्योतक होय.

या कृतीची एक मर्यादाही येथे नोंदवली पाहिजे. निवेदकाचा गोतावळा घराबाहेर विस्तारतो तेव्हा घराच्या आतील स्त्रीचे काय होते, हा प्रश्न आत्मकथनात पुरेशा विस्ताराने येत नाही. नवऱ्याची नोकरी गेल्यावर चूल पेटती ठेवणारी, नव्या शहरात शेजार जोडणारी स्त्री येथे दिसते, पण ती निवेदकाच्या नजरेतूनच. नव्या जागी घर 'होण्या'तील स्त्रियांचा वाटा समजून घेण्यासाठी 'उचल्या'च्या बाहेर पाहावे लागते. लातूरच्या भूकंपग्रस्त परिसरात त्याची काही उत्तरे सापडतात.

किल्लारी : आखलेले गाव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे देशभर पोहोचली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी जड झालेले माळवद, ही या भागातील घराची पारंपरिक पद्धती. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेलेले हेच बांधकाम त्या पहाटे प्राणघातक ठरले. घराविषयीचा विश्वास घरानेच मोडावा, असा हा अनुभव होता.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. शासनासोबत अनेक स्वयंसेवी व देणगीदार संस्थांनी घरे बांधली. अल्पावधीत झालेले हे काम प्रशासकीय दृष्टीने मोठेच म्हणावे लागेल. मात्र येथे प्रश्न प्रशासकीय यशाचा नसून नव्या गावाच्या रचनेमागील कल्पनेचा आहे.

नव्या गावांची आखणी बहुतांशी सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रुंद रस्त्यांची होती. घरे सुटी-सुटी आणि भूखंडांच्या क्रमांकानुसार होती. जुन्या गावठाणात अरुंद बोळ, भिंतीला भिंत लागून असलेली घरे, ओटा, अंगण, पार, देऊळ, आड यांची गुंतागुंत होती. सुरक्षिततेच्या दृष्टीने मोकळी जागा आवश्यक होती, हे निर्विवाद आहे. पण जुन्या रचनेत जी कामे कोणी नेमून न देता होत असत, ती नव्या रचनेत अडली. ओट्यावर बसलेल्या म्हातारीचे गल्लीतल्या पोरांवर लक्ष असे. पाण्याच्या वाटेवर बायकांची गाठ पडे. गुरे दाराशी बांधलेली असत. घरे दूर-दूर गेली, गाव पसरले, आणि हे सहज घडणारे शेजारपण प्रयत्नाने घडवण्याची वेळ आली.

घरांच्या आकाराचा निकष तर अधिक विचारात घेण्याजोगा आहे. भूमिहीन व अत्यल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४५० चौरस फूट आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट असे घराचे क्षेत्र जमीनधारणेवरून ठरले. जुन्या वाड्यांच्या मानाने ७५० चौरस फूट ही घट होती, तर कुडाच्या झोपडीच्या मानाने २५० चौरस फुटांचे पक्के घर ही भर होती. त्यामुळे एकाच पुनर्वसनाचा अर्थ सर्वांना सारखा लागणे शक्य नव्हते. वाडा गमावलेल्याच्या दृष्टीने ते संकोचणे होते. ज्याच्या नावावर पूर्वी काहीच नव्हते त्याच्या दृष्टीने ते प्रथमच नावावर झालेले घर होते. मात्र जमीन आणि जात यांचा मराठवाड्यातील संबंध लक्षात घेता, जमीनधारणेच्या निकषाने जुनी उतरंड नव्या नकाशावर चौरस फुटांच्या भाषेत उतरली, असेही म्हणावे लागते. गाव नवे झाले, पण त्याला मोजण्याची पट्टी जुनीच राहिली.

या संदर्भात 'जुन्या गावाचे गावपण हरवले' हे विधान सावधपणे करणे गरजेचे आहे. हरवलेल्या गावपणात पार होता आणि त्या पारावर कोणी बसायचे याचे अलिखित नियमही होते. आड होता आणि त्या आडावरील विटाळही होता. 'उचल्या'चे स्मरण येथे उपयोगी ठरते. त्याच जिल्ह्यातील गावाचे एक चित्र भूकंपापूर्वी सहा वर्षे प्रसिद्ध झालेले होते आणि त्या चित्रात गाव हे सर्वांचे घर नव्हते. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' (१९९१) या कादंबरीने धरणग्रस्तांच्या विस्थापनाचे आणि पुनर्वसनातील दुरवस्थेचे प्रत्ययकारी चित्रण केले. ती कादंबरी आणि 'उचल्या' एकत्र वाचल्यास पुनर्वसनाच्या चर्चेतील दोन टोके स्पष्ट होतात. एका टोकाला गाव गमावल्याची वेदना आहे आणि दुसऱ्या टोकाला गाव कधीच न मिळाल्याची. नव्या गावाची समीक्षा या दोहोंना सामावून घेणारी असावयास हवी.

पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा भाग या दृष्टीने बोधप्रद आहे. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही तेथे सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम झाले. यात घरमालकाने अर्थसाहाय्य घेऊन स्वतःचे घर स्वतः दुरुस्त करावयाचे होते. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने अनेक गावांतील महिला मंडळांच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. शासनाचे नियम गावाला समजावणे, गावाच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत पोहोचवणे, बांधकामावर लक्ष ठेवणे ही कामे त्यांनी केली. भूकंपापूर्वी घराच्या बांधकामात ज्यांचे मत विचारले जात नव्हते त्या स्त्रिया भिंतीची जाडी आणि कोपऱ्यांची बांधणी यांविषयी बोलू लागल्या. 'उचल्या'त सुटलेला धागा येथे हाती लागतो. घर बांधण्याच्या निर्णयात ज्याचा सहभाग असतो त्याचे ते घर लवकर होते, हे त्यातून स्पष्ट होते.

स्थलांतरित गावांतही लोकांनी आखणीला आपल्या परीने उत्तर दिले. कोठे पुढे पत्र्याचा आडोसा आला, कोठे गुरांसाठी छप्पर आले, कोठे ओटा बांधला गेला. नियोजनाच्या भाषेत ही अनधिकृत भर ठरू शकेल. पण घराच्या भाषेत हे मिळालेल्या घराचे आपल्या घरात होणारे रूपांतर आहे. आज भूकंपानंतर तीन दशके उलटली आहेत. १९९३ नंतर जन्मलेली पिढी तिशीत आली असून तिच्यासाठी नवे गावठाण हेच जन्मगाव आहे. जुने गाव तिला वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला वाहिल्या जाणाऱ्या श्रद्धांजलीतून माहीत आहे. आई-वडिलांचे पुनर्वसन हे मुलांचे मूळ गाव झाले आहे.

नांदेड : न हलणारे नगर

पिढ्यांच्या या प्रवासाचा दीर्घ पल्ला पाहावयाचा तर नांदेडकडे वळावे लागते. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. त्यापूर्वी त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरूपद दिले, अशी शीख परंपरा आहे. त्यांच्यासमवेत आलेल्यांपैकी काही जण येथेच राहिले. पुढे महाराजा रणजितसिंह यांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, सचखंड गुरुद्वाराची वास्तू उभी राहिली. याच सुमारास निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या पुढाकाराने पंजाबातून 'लाहोरी फौज' हैदराबाद राज्यात आली. तिच्यातील लोकांचे वंशजही या प्रदेशात स्थिरावले. यांतून 'दखनी शीख' हा समाज आकाराला आला.

या ठिकाणाला परंपरेने दिलेले नाव 'अबचलनगर' असे आहे. अबचल म्हणजे अविचल, न हलणारे. पंजाबपासून शेकडो कोस दूर, परभाषी मुलखात आलेल्या माणसांनी आपल्या मुक्कामाला 'न हलणारे' म्हणावे, यातील अर्थ लक्षणीय आहे. स्थैर्य हे त्यांना जागेने बहाल केले नव्हते. ते श्रद्धेने जागेला दिले होते.

परंतु केवळ श्रद्धेने घर होत नाही, त्याला नित्याचा व्यवहार लागतो. तो लंगराच्या पंगतीने पुरवला. लंगरात बसणाऱ्याला गाव, जात, पत्ता विचारला जात नाही. 'उचल्या'तील कुटुंबाला आधी नोंद आणि मग वावरण्याची मुभा असा अनुभव येतो. किल्लारीत आधी जमिनीचा उतारा आणि मग घराचा आकार असा क्रम आहे. पंगतीचा क्रम याहून भिन्न आहे. तेथे आधी ताट आहे, ओळख नंतर होते किंवा होतही नाही. परक्याला आपले करून घेणाऱ्या संस्थेचे हे मर्म म्हणता येईल.

तसेच या समाजाने मूळ प्रदेशाची केवळ प्रतिकृती येथे जपली नाही. हजूर साहिबची पूजापद्धती पंजाबातील प्रचलित पद्धतीहून काही बाबतींत वेगळी आहे. दिव्यांची आरती आणि शस्त्रांचे पूजन यांना येथे खास स्थान आहे. दसऱ्याला निघणारी हल्लाबोल मिरवणूक ही शहराच्या दिनक्रमाचा भाग झाली आहे. घरात पंजाबी आणि बाजारात मराठी किंवा दखनी असा भाषाव्यवहार या समाजाला अवघड वाटत नाही. १९५६ मध्ये गुरुद्वाराच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र कायदा झाला. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहरातील रस्ते व गोदाकाठचे घाट यांचे रूप पालटले. एका स्थलांतरिताचा अखेरचा मुक्काम तीनशे वर्षांनी संपूर्ण शहराची ओळख बनला.

अर्थात या तुलनेला मर्यादा आहेत. लष्करी सेवा, राजाश्रय आणि तीर्थक्षेत्राची प्रतिष्ठा ही अनुकूलता नांदेडच्या शिखांना लाभली, धनेगावच्या कुटुंबाला ती लाभणे शक्य नव्हते. म्हणून पहिल्याचे यश दुसऱ्यासमोर आदर्श म्हणून ठेवणे अन्यायाचे होईल. नव्या जागी घर होण्यासाठी माणसाची इच्छा जितकी लागते तितकीच भोवतालच्या समाजाची तयारी लागते. ही तयारी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हाच या तुलनेतून मिळणारा धडा आहे.

समारोप आणि निष्कर्ष :

आज नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे पुन्हा एका स्थलांतराचे केंद्र झाली आहेत. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि 'लातूर पॅटर्न'मुळे वाढलेली शैक्षणिक वर्दळ यांमुळे खेड्यापाड्यांतून, तांड्यांतून आणि पुनर्वसित गावांतून विद्यार्थी येथे खोली करून राहतात. त्यांच्या वर्गात 'उचल्या' शिकवताना ती केवळ एका जमातीची व्यथा म्हणून शिकवली गेली, तर समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न तिच्यात त्याला दिसणार नाही. खोलीपासून घरापर्यंतचे अंतर त्यालाही कापावयाचे आहे आणि महाविद्यालय हे त्या वाटेवरील पार ठरणार की हजेरीचे ठिकाण, हे बऱ्याच अंशी अध्यापकांवर अवलंबून आहे.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) स्थलांतराच्या साहित्याची समीक्षा केवळ 'तुटण्या'च्या अंगाने करणे अपुरे आहे. नव्या जागी जोडले जाण्याची प्रक्रिया हाही स्वतंत्र समीक्षाविषय आहे.

२) 'उचल्या'मध्ये घराचा अभाव हा भटकण्यातून नव्हे, तर संशयाने एका जागी बांधले जाण्यातून निर्माण होतो. पत्ता असणे आणि घर असणे यांतील भेद ही कृती ठळकपणे दाखवते.

३) 'उचल्या'चा उत्तरार्ध वाङ्मयीनदृष्ट्या सैल वाटला तरी घडवलेल्या समुदायाचे चित्रण म्हणून तो आशयाच्या दृष्टीने अपरिहार्य आहे.

४) भूकंपानंतरच्या पुनर्वसनाने घरे दिली, परंतु जमीनधारणेच्या निकषामुळे जुनी विषमता नव्या आराखड्यात उतरली. त्याच वेळी, जुन्या गावाविषयीची हळहळ ही सर्व जातींची समान भावना मानता येत नाही.

५) ज्या ठिकाणी रहिवाशांना, विशेषतः स्त्रियांना, बांधकामाच्या निर्णयात वाटा मिळाला तेथे घर 'होण्या'ची प्रक्रिया सुकर झाली.

६) नांदेडच्या शीख समाजाचा अनुभव असे दर्शवितो की, ओळख न विचारता सामावून घेणारी संस्था आणि स्थानिक जीवनाशी होणारी देवाणघेवाण यांच्या बळावर स्थलांतरितांचे ठिकाण त्यांचे स्वतःचे नगर होऊ शकते. मात्र त्यामागील अनुकूल परिस्थिती नजरेआड करता येत नाही.

घर शासन देऊ शकते, देणगीदार बांधू शकतो, माणूस विकतही घेऊ शकतो. ते घर होण्यासाठी मात्र शेजाऱ्याने दाराशी येऊन हाक मारावी लागते. मराठवाड्यातील या तीन अनुभवांचे वेगळेपण मान्य करूनही त्यांच्यातील हे समान सूत्र दुर्लक्षिता येत नाही.